बिंदूचा शेजार

मळवली स्टेशनवर उतरून दक्षिणेला तोंड केलं की डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड आणि दोघांच्या मध्ये गायमुख खिंड. पायाशी भाताची खाचरं, पुढे भाजे गाव, त्यावर लेणी, मग करवंदीच्या जाळ्या आणि कारवीचं रान, त्याच्या वर काळा ताशीव कडा आणि कड्याच्या माथ्यावर तट. एवढ्याशा पल्ल्यात इतकं सगळं. यातली जमीन कुठली, असं विचारलं तर शेतकरी बांधाकडे बोट दाखवेल, गडावर जाणारा पायवाटेकडे. मी हा प्रश्न गेली काही वर्षं पडद्यावरच्या एकेका ठिपक्याला विचारत आलो आहे. त्या कामात मला एक शोधनिबंध भेटला. एखादी बंदिश पुन्हा पुन्हा ऐकावी तसा तो मी वाचला आहे. त्याचं रसग्रहण मावळाच्या भुईवर बसूनच करायला हवं, कारण त्याचं बळ आणि त्याची मर्यादा इथेच सर्वांत लख्ख दिसते.

आधी कच्चा माल. विमानातून किंवा ड्रोनवरून लेसरचे स्पंद खाली सोडतात. स्पंद कशावर तरी आपटून परत येतो, लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं आणि एक बिंदू मिळतो. हे लायडार. झाडीत एकाच स्पंदाचे तुकडे होतात: थोडा शेंड्यावरून परततो, थोडा मधल्या फांदीवरून, नशीब असेल तर शेवटचा मातीवरून. असे कोट्यवधी बिंदू जमतात आणि मूलतः प्रत्येकाजवळ तीनच आकडे असतात: पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि उंची. आपण कौल आहोत, पान आहोत, विजेची तार आहोत की म्हशीची पाठ, हे बिंदूला ठाऊक नसतं. ते कुणीतरी ठरवायचं. साठवणीच्या प्रमाणित पद्धतीत त्यासाठी क्रमांक आहेत: १ म्हणजे अजून न ठरलेला, २ म्हणजे जमीन, ३ ते ५ झाडोरा, ६ इमारत, ९ पाणी. सगळा खटाटोप त्या २ साठी. (सातबाऱ्यावरच्या भोगवटादार वर्ग दोनशी याचा संबंध नाही.)

हा खटाटोप किती मोलाचा, ते आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागू नये. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण डोंगराखाली गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली, खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली. जुन्या घसरणींचे अर्धगोल वण, उतारावरच्या भेगा, सपाट करून काढलेल्या पट्ट्या हे सगळं रानाखाली झाकलेलं असतं. रान उचलून खालची उघडी भुई पाहता आली तरच ते वाचता येतं. पण उचललेलं रानच होतं ना, त्याबरोबर भुईचा तुकडाही निघून आला नाही ना, हे कोण सांगणार?

शिकणारं यंत्र येण्याआधी हे काम नियमांनी व्हायचं, अजूनही बरंच होतं. स्वीडनच्या पेटर आक्सेलसनने २००० साली मांडलेला नियम फार वापरात आहे. मोठ्या चौकटीतला सर्वांत खालचा बिंदू जमीन धरायचा, अशा बिंदूंना त्रिकोणांनी जोडायचं आणि त्या त्रिकोणांच्या पुरेसा जवळ, फार मोठा कोन न करणारा बिंदू सापडला की त्यालाही आत घ्यायचं. जाळं हळूहळू दाट होत जातं. दुसरा नियम २०१६ चा, चीनमधला, आणि कल्पनेने देखणा: सगळा प्रदेश उलटा करायचा आणि त्यावर एक काल्पनिक कापड सोडायचं. डोंगर खळगे होतात, झाडं खाली लोंबतात. कापड झाडांच्या अरुंद भोकांत शिरत नाही, भुईच्या उलट्या पाठीवर पसरतं. कापड जिथे टेकलं ती जमीन. कापड किती ताठ घ्यायचं हे आपण सांगायचं, त्याच्या तीन पायऱ्या आहेत: खड्या उताराला मऊ, सपाटीला ताठ.

आता हे कापड लोहगडावर टाकून पाहा. गडाच्या वायव्येला विंचुकाटा आहे, दोन्ही बाजूंना कडा असलेली लांबलचक अरुंद सोंड. प्रदेश उलटा केला की ही सोंड एक खोल, चिंचोळी चर होते. ताठ कापड चरीवर आडवंच राहतं, आत उतरत नाही. म्हणजे सह्याद्रीचा अखंड कातळ झाडोऱ्याच्या हिशोबात जातो, विंचुकाटा भुईतून वजा! कापड मऊ घ्यावं तर खाली इंद्रायणीच्या खोऱ्यात ते कौलांच्या छपरांतही शिरतं आणि छपरं जमीन होतात. खाचराला एक माप, कड्याला दुसरं, आणि दोन्ही हाकेच्या अंतरावर. २००४ मध्ये जॉर्ज सिथोले आणि जॉर्ज फोसेलमन यांनी तेव्हाच्या आठ पद्धती पंधरा नमुन्यांवर घासून पाहिल्या. निष्कर्ष आपल्याला ओळखीचा वाटावा असाच होता: सौम्य भूमीवर सगळ्याच चालतात, खडा उतार आणि तुटलेली भुई आली की अडखळतात. मावळ म्हणजे तुटलेली भुईच. बेसॉल्टच्या थरांवर थर, प्रत्येक थराची एक पायरी.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण निबंधाची गोडी मला तिच्यामुळे कळली. एका कामात डोंगरउतार आणि त्याखालची खाचरं एकत्र होती. कड्यापाशी त्रास नको म्हणून मी जे माप धरलं त्याने खाचरांचे बांध गुळगुळीत केले. वीतभर, हातभर उंचीचे बांध, ते नियमाला खरखर वाटले. नकाशा छान दिसत होता. पाणी कुठून वाहील याचं गणित त्यावर केलं, तेव्हा पाणी खाचराखाचरांतून सरळ खाली सुटलं, जणू तिथे कुणी कधी भात लावलाच नव्हता. मावळात बांध म्हणजे पाण्याचा, वाटणीचा आणि कित्येक भांडणांचा आधार. तो भुईतून पुसला गेला आणि मला दोन दिवस कळलं नाही.

आता निबंध. वुहान विद्यापीठातले श्यांगयुन हू आणि यी युआन यांनी तो २०१६ साली प्रसिद्ध केला. भुईचे बिंदू ओळखायला खोल जाळ्याचं शिक्षण (डीप लर्निंग) वापरणाऱ्या पहिल्या कामांपैकी तो एक. तोवर चित्रं ओळखण्यात अशी जाळी तरबेज झाली होती, मांजर आणि कुत्रा वेगळे सांगत होती. बिंदूंचा ढग मात्र चित्र नव्हे. त्याला ओळी नाहीत, रकाने नाहीत. हू आणि युआन यांनी काय केलं, तर प्रत्येक बिंदूला स्वतःचं एक चित्र काढून दिलं. बिंदूला मधोमध बसवायचं, भोवतालच्या चौकोनी परिसराची बारीक घरं पाडायची, आणि प्रत्येक घरातले तीन आकडे घ्यायचे: सर्वांत वरचा बिंदू, सर्वांत खालचा बिंदू आणि सरासरी. पण हे आकडे समुद्रसपाटीपासून मोजायचे नाहीत. मधल्या बिंदूपासून मोजायचे. तू माझ्यापेक्षा किती वर, किती खाली, एवढंच. मग पहिल्या आकड्याचा तांबडा रंग, दुसऱ्याचा हिरवा, तिसऱ्याचा निळा.

ही निबंधाची सम आहे असं मी मानतो. आधीचे नियम बिंदूला विचारत, तू किती खाली आहेस? हू आणि युआन विचारतात, तुझ्या शेजारी कोण कोण आहे? लोहगडाच्या माथ्यावरचा बिंदू हजार मीटरच्या वर असेल, भाज्याच्या खाचरातला त्याच्या शेकडो मीटर खाली. दोघेही आपापल्या चित्रात मधोमधच बसतात. उंचीचा मान गळून पडतो, उरतो तो शेजार.

आणि रंग भरण्याची तऱ्हा पाहा. फरक सरळ रंगात उतरवला असता तर कड्याचा शंभर मीटरचा फरक सगळा रंग खाऊन टाकला असता आणि बांधाच्या हातभर उंचीला काही उरलं नसतं. म्हणून त्यांनी सिग्मॉइड नावाचं वळणदार सूत्र लावलं. शेजारी बिंदूच्याच पातळीवर असेल तर रंगाचा आकडा १२७ च्या आसपास, म्हणजे मधला. शेजारी मीटरभर वर असेल तर १८५, दोन मीटर वर असेल तर २२४, पाच मीटर वर असेल तर २५२. त्यापुढे शंभर मीटर वर असला तरी फार तर २५४. पहिल्या मीटरभरात अठ्ठावन्न पायऱ्या, आणि पाच ते शंभर मीटरमध्ये जेमतेम दोन. डोंगर चढताना आपली नजर हेच करते. पुढच्या पावलाखालचा दगड हलतोय की नाही हे बारकाईने पाहते, समोरचा कडा नुसता ‘उंच’ म्हणून सोडून देते. गणितात असा पायांचा विवेक मला क्वचितच दिसला आहे.

आता याच तऱ्हेने मावळ रंगवू. उघड्या कातळाच्या सड्यावर प्रत्येक घरात वरचा, खालचा आणि सरासरी बिंदू जवळजवळ एकाच पातळीवर, म्हणून तिन्ही रंग सारखे आणि चित्र राखाडी. कारवीच्या रानात खाली पोचलेल्या बिंदूच्या बाजूने पाहिलं तर वरचा आकडा चढतो, खालचा मध्यावरच राहतो: चित्राला तांबडा रंग चढतो. म्हणजे या चित्रांत रान तांबडं दिसतं! हिरव्या रानाचं असं रूप प्रथम पाहिलं तेव्हा मी थबकलोच होतो. कारवीच्या शेंड्यावर बसलेल्या बिंदूचं चित्र वेगळं, त्याच्या भोवती हिरवा रंग विझलेला, कारण खालचे बिंदू त्याच्या दोन-तीन मीटर खाली. घराच्या छपरावरच्या बिंदूला मध्ये राखाडी ठिगळ आणि चहूबाजूंना काळोख.

कड्याच्या काठावरच्या बिंदूचं चित्र मला सर्वांत आवडतं. अर्धं राखाडी, अर्धं काळं. आक्सेलसनच्या जाळ्याला तिथे नुसती दरी आणि मोठा कोन दिसतो आणि ते काठावरचे बिंदू नाकारतं, कड्याची धार बोथट होते. चित्रात मात्र दिसतं की एका बाजूला जग तुटलंय आणि दुसऱ्या बाजूला तेच जग त्याच पातळीवर चालू आहे. छप्पर चारही बाजूंनी तुटतं, कडा एका बाजूने. हा फरक सांगायला नियम लिहायचा म्हटलं तर पानं भरतील आणि तरी नागफणीच्या कड्यावर तो मोडेल. चित्र बघून शिकणाऱ्याला तो न सांगता कळतो.

कळतो, पण कुणीतरी दाखवल्यावर. निबंधात यंत्राला आधीच ठरवलेले १ कोटी ७० लाख बिंदू दिले होते, तेवढीच चित्रं. इथे मला पुणे जिल्ह्याचीच एक जुनी गोष्ट आठवते. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमीनमोजणीची पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मोजणीनंतर यायची प्रतबंदी. कारकून शेतात जायचा, वहीत शेताचा कच्चा नकाशा काढून त्याचे चौकोन पाडायचा, प्रत्येक चौकोनात मातीची खोली आणि रंग बघून प्रत लिहायचा. नऊ प्रती, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. चुनखडी, उतार, वाळू असे दोष असले तर त्यांच्या खुणा करायच्या आणि प्रत उतरवायची. मग वरचा अधिकारी काही शेतं स्वतः पुन्हा तपासायचा, कारकुनाची नजर कुठे सैल, कुठे कडक ते बघायला.

चौकोन, तीन-चार लक्षणं, ठरलेली प्रत आणि पुन्हा घेतलेली तपासणी. शिकणाऱ्या यंत्राची सगळी चौकट या वहीत आहे. म्हणून ‘यंत्राने ओळखलं’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. यंत्राच्या नजरेत कुणा कारकुनाची नजर आहे. आणि ती नजर कुठल्या भुईवर तयार झाली, याला फार महत्त्व आहे. भुई ओळखायला शिकवणारे जे नमुने आज सर्वांना खुले आहेत, त्यांत ओपनजीएफ हा २०२१ चा मोठा संच आहे: ४७ चौरस किलोमीटर, पन्नास कोटींहून जास्त बिंदू, नऊ तऱ्हांची भूमी. मेहनत थोर आहे. पण अशा बहुतेक नमुन्यांत कारवी नाही, खाचर नाही, ताशीव कड्यावरचा तट नाही.

तट तर शिकवणाऱ्यालाही घाम फोडतो. विसापूरचा तट कड्याच्या अगदी धारेवर उभा आहे, आणि खालचा कडाही जागोजागी छिन्नीने तासून सरळ केलेला. बाजूने छेद घेतला तर कातळ कुठे संपला आणि चिरे कुठे सुरू झाले ते रेषेत दिसत नाही. आतल्या बाजूने भराव टाकलेला, त्यावर गवत. भराव जमीन, तट इमारत, कडा पुन्हा जमीन: एकाच उभ्या रेषेत तीन निवाडे. मी असे बिंदू पुष्कळदा १ मध्येच ठेवले आहेत.

पण खरी परीक्षा कार्ल्याची. निबंधाच्या चित्राला एक अंगभूत सवय आहे. ते सगळं वरून पाहतं, एका जागी एकच भुई धरतं. विमानातल्या लेसरला कार्ल्याचं चैत्यगृह दिसतच नाही, त्याला वरचा डोंगर दिसतो आणि तो डोंगर जमीन आहे यात वाद नाही. आता लेसर तिपाईवर ठेवून दालनात नेला असं समजू. जवळजवळ ३८ मीटर खोल दालन, ३७ खांब, शेवटाला स्तूप. तळ जमीन आहे. आणि खांब? खांब कुणी आणून उभा केलेला नाही. आजूबाजूचा डोंगर काढून टाकल्यावर जे उरलं ते खांब. तळाच्या आणि खांबाच्या मध्ये सांधा नाही, एकच बेसॉल्ट तळातून वर चढतो, शिरोभागी हत्तीवर बसलेली माणसं होतो आणि छतात मिसळतो. स्तूपही तसाच. बाहेरून आणलेलं म्हणजे छताखालच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरचं लाकडी छत्र, दोन हजार वर्षांच्या आसपास तिथे टिकून असलेलं सागवान. मग वर्ग २ कुठे थांबवायचा? तळाशी? गुडघाभर वर? की लाकूड सुरू होईपर्यंत सगळंच भुई?

बिंदूचं शेजारचित्र काढलं तर खांबाचा बिंदू कुठल्याही लोखंडी खांबाच्या बिंदूसारखाच दिसेल, आणि यंत्र त्याला बेधडक जमिनीतून काढेल. त्याचं चुकत नाही, कारण शेजारापलीकडे पाहण्याची त्याला सोय नाही. सांधा नसणं ही गोष्ट उंचीच्या फरकात उतरतच नाही. मला हा निबंधाचा दोष वाटत नाही. चांगली कलाकृती आपली चौकट जितकी स्वच्छ आखते तितकं चौकटीबाहेरचं ठळक दिसतं, तसं हे. शेजारावरून ओळख पटते, हे तो इतक्या निर्मळपणे सांगतो की जिथे शेजार पुरत नाही ती जागा आपोआप उजेडात येते.

पुढचा इतिहास थोडक्यात. प्रत्येक बिंदूसाठी वेगळं चित्र काढणं फार खर्चिक, शेजारचे दोन बिंदू जवळपास तेच चित्र दोनदा काढायला लावतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने पॉइंटनेट आणलं, चित्र न करता बिंदूच थेट घेणारं. बिंदू कुठल्याही क्रमाने द्या, उत्तर तेच, कारण प्रत्येक लक्षणात ते फक्त सर्वांत मोठा आवाज धरून ठेवतं. युक्ती चोख आहे, पण पहिल्या रूपात ते सगळं एकदम पाहायचं आणि जवळचा शेजार विसरायचं. त्याच वर्षी सुधारलेल्या रूपात लहान लहान शेजार परत आणावे लागले. आज मी वापरतो ती साधनं त्या वंशातली आहेत, जास्त वेगवान, जास्त अचूक. तरी नवशिक्याला मी आधी हू आणि युआन वाचायला देतो. तिथे यंत्राला काय दिसतं ते आपल्याही डोळ्यांना दिसतं.

सध्या मी पवन मावळातल्या एका उताराचा तुकडा हाताने ठरवतो आहे, यंत्राला दाखवण्यासाठी. उन्हाळ्यातली मोजणी आहे, पानं झडलेली, कारवीच्या काठ्या उघड्या. दोन मीटर रुंदीची पट्टी कापायची आणि ती बाजूने बघायची. खाचरं पायऱ्यांसारखी उतरत येतात, प्रत्येक पायरीच्या काठाला चार-सहा बिंदूंचा उंचवटा, तो बांध. त्यातले तीन सरळ ओळीत आहेत, ते २. चौथा थोडा वर तरंगतो: बांधावरची गवताची काडी असेल, नाहीतर दगड. ठरेना म्हणून सोबतच्या, तिथल्याच गावात वाढलेल्या मुलीला विचारलं. ती पडद्यावर वाकली, मोबाईलवर तिच्या चुलत्यांना बांधाचा फोटो मागितला आणि म्हणाली, “सर, तिथं दगडच आहे, हद्दीचा. हलवू नका.” तो बिंदू मी २ मध्ये घेतला. पट्टी पुढे सरकवली. पुढच्या बांधाला पाच बिंदू होते.